पोपटाला पिंजरा केवढा लागतो? आधी लांबी, मग रुंदी, उंची सगळ्यात शेवटी

"पोपट घ्यायचा ठरलाय, पिंजरा केवढा घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुठला पोपट? पुढची सगळी मापं या एका उत्तरावर ठरतात. कधी कधी तर माप घ्यायची वेळच येत नाही.

आपल्या सीमाभागात पोपट म्हटलं की राघूच डोळ्यासमोर येतो. हिरवागार, लाल चोचीचा, नराच्या गळ्याला काळा-गुलाबी कंठ. बेळगाव, खानापूर, निपाणी, तिकडे भालकी-औरादपर्यंत कितीतरी मराठी घरांच्या पडवीत आजी-पणजीच्या काळी असा राघू टांगलेला असायचा. आता तो पाळता येत नाही. राघू, करण पोपट, तोईपोपट, खानापूर-भीमगडाकडच्या सह्याद्रीत दिसणारा निळ्या पंखांचा पोपट, हे सगळे आपले रानातले पक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात ठेवणं हा गुन्हा आहे. उन्हाळ्याच्या तोंडी कुणी ढोलीतून काढलेली, अजून पिसंही न फुटलेली पिल्लं टोपलीत घालून आणतो आणि लोक कीव येऊन घेतात. त्या एका विक्रीमुळे पुढच्या वर्षी तीच ढोली पुन्हा फोडली जाते. म्हणून राघूसाठी केवढा पिंजरा, या प्रश्नाला माझ्याकडे माप नाही. दहा फुटांचाही चालणार नाही.

घरात आधीपासून असा पक्षी असेल तर त्याला घाईघाईने गच्चीवरून सोडून देऊ नका. पिलू असल्यापासून माणसाच्या हातचं खाल्लेला राघू रानात काय खायचं आणि शिकऱ्यापासून कसं वाचायचं हे शिकलेलाच नसतो. वन खात्याच्या जवळच्या कार्यालयात जाऊन सांगा आणि ते म्हणतील तसं करा.

पाळायला राहतात ते परदेशी जातीचे, बंदिस्तात पैदास झालेले पोपट: बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड, कॉनूर, आफ्रिकन ग्रे, मकाव. त्यातल्याही कॉनूर, ग्रे, मकाव यांसारख्या जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या सायटीस कराराच्या यादीत आहेत आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. घेताना विकणाऱ्याकडून कागद मागा. कागद नसतील तर पक्षी घेऊ नका. एवढं झालं की मग मापाकडे वळू.

पाळीव पक्ष्यांच्या दुकानात उभे पिंजरे जास्त दिसतात. उभा पिंजरा जागा कमी अडवतो, कोपऱ्यात बसतो, वर घुमट असला की शोभाही येते. घेणाऱ्याला सगळं सोयीचं. पण पोपट सरळ वर उडत नाही. फांदीवरून निघतो, पुढे जातो, आणि पुढे जाता जाताच वर चढतो किंवा खाली उतरतो. त्याला आडवी जागा लागते. साधा हिशोब करून बघा. १८ इंच लांब, १८ इंच रुंद आणि ४० इंच उंच पिंजरा घेतला तर आतली जागा १२,९६० घन इंच. तोच पिंजरा आडवा केला, म्हणजे ४० इंच लांब आणि १८ इंच उंच, तरी आतली जागा तेवढीच. पहिल्यात पक्षी पंख मारू शकत नाही, दुसऱ्यात निदान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. घेणाऱ्याने मोजलेले पैसे मात्र दोन्हीकडे सारखेच.

टिळकवाडीत एका ओळखीच्या घरी मी असा उभा पिंजरा नीट न्याहाळला होता. १६ बाय १६ इंच बूड आणि उंची तीन फूट. आत एकटा राखाडी कॉकाटील. सगळ्यात वरच्या दांडीवर बसून असायचा, कारण पक्ष्याला उंचावर बसलं की सुरक्षित वाटतं. खालचे दोन फूट नुसते रिकामे. ट्रे बाहेर ओढला तर विष्ठेचा एकच ढीग, बरोबर त्या दांडीखाली, बाकी कागद कोरा करकरीत. शेपटीच्या टोकाची पिसं जुन्या केरसुणीसारखी फाटून गेली होती, कारण वळताना दर खेपेला ती मागच्या सळ्यांवर घासत होती. झोपेतून उठल्यावर कॉकाटील आळोखेपिळोखे देतो तेव्हा एक पंख आणि त्याच बाजूचा पाय एकदम मागे ताणतो, मग दुसरी बाजू. याचा पंख अर्धा ताणून झाला की सळ्यांतून बाहेर यायचा. तिथेच थांबून तो परत मिटून घ्यायचा. घरची माणसं प्रेमळ होती, खाणंपिणं वेळच्या वेळी होतं. कमी होती ती जागा.

तुमच्या घरी पक्षी आधीच असेल तर हीच तपासणी करा. ट्रेवर विष्ठा दोन-तीन ठिकाणी विखुरलेली असेल तर पक्षी पिंजरा वापरतोय. एकाच जागी असेल तर बाकीचा पिंजरा त्याच्या कामाचा नाही. शेपटीची टोकं बघा. पक्षी एकाच रेषेत तासन्‌तास येरझारा घालत असेल, छातीची पिसं उपटत असेल, तर आजाराबरोबरच जागेचाही विचार करा. बजरीगर कमी जागेत राहून नुसते दाणे खात बसले की अंगावर चरबी धरतात, चरबीच्या गाठीसुद्धा येतात.

आता माप काढायचं कसं? तीन बाजूंचा विचार तीन वेगवेगळ्या गोष्टींवरून करायचा. लांबी ठरते उडीवरून, रुंदी पंखांवरून, उंची शेपटीवरून.

रुंदी, म्हणजे पिंजऱ्याच्या पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर, आधी घेऊ, कारण ते सोपं आहे. पक्षी लांबीच्या दिशेने उडाला की त्याचे दोन्ही पंख रुंदीच्या दिशेने पसरतात. म्हणजे रुंदी ही पंखांच्या पूर्ण पसाऱ्याहून जास्त हवीच हवी. कॉकाटीलच्या पंखांचा पसारा साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे १८ इंच. त्याला १८ इंच रुंदी दिली तर दोन्हीकडची पंखांची टोकं सळ्यांना लागणार. २४ इंच दिली तर दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच मोकळे राहतात. बजरीगरचा पसारा फूटभर, त्याला १८ इंच पुरते. बाजारातले बहुतेक तयार पिंजरे मार खातात ते इथेच. लांबी बघून माणूस खूश होतो, रुंदी कुणी बघत नाही.

लांबीचा हिशोब थोडा फसवा आहे. छापील मापातली सगळी लांबी पक्ष्याला मिळत नाही. दोन्ही टोकांना एकेक दांडी असते आणि दांडीवर बसलेल्या पक्ष्याच्या शेपटीला मागे जागा सोडावी लागते. कॉकाटीलसाठी ही जागा दोन्ही टोकांना आठ-आठ इंच धरा. मग २४ इंच लांबीच्या पिंजऱ्यात मधे उरतात फक्त आठ इंच. तेवढ्यात नुसती टुणकन उडी होते, पंख उघडावेच लागत नाहीत. ३६ इंचांत उरतात २०, म्हणजे एखादी फडफड. ४८ इंचांत ३२, आणि इथे तो खरोखर पंख मारून पलीकडे जातो. दोन फुटांवरून चार फुटांवर गेलं की पिंजरा दुप्पट होतो, पण उडायची जागा चौपट होते. म्हणून पैसे कमी पडत असतील तर उंचीत कपात करा, घुमट नको म्हणा, चाकं नंतर लावू म्हणा, पण लांबी तोडू नका.

आणि ती मधली जागा मोकळी ठेवा. लोक हौसेने मधोमध झोपाळा टांगतात, शिडी लावतात, रंगीत मण्यांच्या माळा सोडतात. चार फुटांचा पिंजरा घेऊन त्याचा दोन फुटांचा करण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. खेळणी हवीतच, पोपटाला चोचीला काम लागतं, पण ती टोकांना, दांडीच्या आसपास टांगा.

उंचीला फार डोकं लावायला नको. सगळ्यात खालच्या दांडीवर बसल्यावर शेपटी ट्रेला किंवा पाण्याच्या वाटीला लागू नये आणि वरच्या दांडीवर तुरा छताला टेकू नये. कॉकाटीलला अडीच फूट पुष्कळ झाले.

जातीनुसार मी सांगते ती किमान मापं अशी. बजरीगरची जोडी असेल तर ३६ इंच लांब, १८ रुंद, १८ ते २४ उंच. हे १८ सेंटिमीटरचं, तीस-चाळीस ग्रॅमचं पाखरू बघून वाटतं, याला काय एवढं! पण ते मूळचं ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानावर थव्याने मैलोन्‌मैल फिरणारं आहे, दिवसभर हालचाल ही त्याची गरजच आहे. इथे एक घोटाळा सांभाळा. आपल्याकडे बजरीगरलाच सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात. खरा लव्हबर्ड वेगळा, आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा आणि बराच भांडखोर. त्याच्या जोडीला ३६ बाय २४ बाय २४ इंच द्या, आणि त्याच्या पिंजऱ्यात बजरीगर कधीच ठेवू नका, पाय तोडेपर्यंत मारामारी होते. कॉकाटील एक असो की जोडी, ४० बाय २४ बाय ३०, आणि जमलं तर ४८ लांब. छोट्या कॉनूरना साधारण तेवढंच, पण सळी जाड.

आफ्रिकन ग्रेची गोष्ट निराळी. पसारा जवळजवळ अर्धा मीटर, वजन ४०० ते ५०० ग्रॅम, डोकं अतिशय तल्लख आणि आयुष्य चाळीस-पन्नास वर्षं. त्याला चार फूट लांब, तीन फूट रुंद, चार फूट उंच पिंजरा हवा, आणि तोही फक्त झोपायला आणि तुम्ही बाहेर असताना. मकावबद्दल मी स्पष्टच बोलते. निळ्या-पिवळ्या मकावच्या पंखांचा पसारा मीटरभराच्या वर जातो. वरच्या नियमाने नुसती रुंदीच चार फूट होते आणि लांबी आठ-दहा फुटांकडे जाते. म्हणजे पिंजरा नव्हे, जाळी लावलेली खोलीच लागते. आपल्या गल्लीतल्या घरात, भिंतीला भिंत लागून शेजारी असताना, मकाव आणू नये असं माझं ठाम मत आहे. त्याचा आवाज हा पुढचा प्रश्न.

बजरीगरच्या पिंजऱ्यात मडकं टांगायची आपल्याकडे पद्धत आहे. मडकं दिसलं की जोडी अंड्यावर बसते. एका वेळी चार ते सहा अंडी, अठरा दिवसांच्या आसपास पिल्लं बाहेर, पाच आठवड्यांत ती मडक्यातून उतरतात. दोन पक्ष्यांसाठी बेतलेल्या जागेत दोन महिन्यांत सात-आठ पक्षी होतात, मग भांडणं, मग जखमा. पैदास करायची नसेल तर मडकं काढून टाका. त्यांना झोपायला मडकं लागत नाही, दांडी पुरते. पक्षी वाढवायचे असतील तर प्रत्येक जास्तीच्या जोडीमागे लांबी निदान दीडपट करा आणि खाण्याच्या वाट्या वेगवेगळ्या टोकांना ठेवा.

पिंजरा फार मोठा होऊ शकतो का? जागेच्या बाबतीत नाही. पण मोठ्या पक्ष्याचा मोठा पिंजरा छोट्या पक्ष्यासाठी घेतला तर सळ्यांमधलं अंतर घात करतं. बजरीगर डोकं बाहेर काढतो, परत ओढताना गाल अडकतात आणि घाबरून तो मान मोडून घेतो. मापात चूक झाली तर पक्ष्याला त्रास होतो. गॅप चुकला तर जीव जातो.

पिंजरा बनवून घेणार असाल तर हे अंतर फॅब्रिकेटरशी, म्हणजे लोखंडी काम करणाऱ्या कारागिराशी, बोलताना सुतात बोला, त्याला तीच भाषा जवळची. आठ सूत म्हणजे एक इंच. बजरीगर आणि लव्हबर्डला चार सूत, त्याहून जास्त नाही. कॉकाटीलला चार, फार तर पाच. कॉनूरला पाच ते सहा. ग्रेला सहा ते आठ. सांगताना "सळीच्या आतून आत" असं बजावून सांगा. कारण बरेच कारागीर माप सळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरतात, आणि सळी जाड-बारीक झाली की गॅप बदलतो. निदान दोन बाजूंच्या सळ्या आडव्या मागा. पोपट चोच आणि पाय वापरून चढतो, उभ्या सळ्यांवरून तो घसरत खाली येतो. गावाकडे, विशेषतः खानापूर भागात, उंदीर आणि सापाची भीती असतेच. चार सुतांच्या गॅपने घूस आणि मोठा साप अडतो, चिमुकला उंदीर अडत नाही. त्यासाठी रात्री दाणे काढून ठेवायचे आणि पिंजरा भिंतीला टेकवायचा नाही.

बेळगावकरांचं एक नशीब चांगलं आहे. उद्यमबागला फाउंड्री आणि फॅब्रिकेशनची एवढी कामं चालतात की मनासारख्या मापाचा पिंजरा बनवून मिळणं अवघड नाही. रेडीमेडच्या मागे लागून दोन-तीन वेळा पिंजरे बदलण्यापेक्षा एकदाच बनवून घेतलेला बरा. पण तिथे धातूचा प्रश्न उभा राहतो आणि त्यावर मी जरा थांबणार आहे.

कारागीर स्वस्तात स्वस्त म्हणून जीआय वेल्डेड जाळी सुचवतो. जीआयवर जस्ताचा मुलामा असतो. जाळी ताजी असते तेव्हा सांध्यांजवळ या जस्ताचे बारीक थेंब आणि काटे सुकलेले दिसतात, बोट फिरवलं तर टोचतात, नखाने खरवडले तर निघतात. पोपट दिवसभर चोचीनेच चढतो, तो हे थेंब काढतो आणि गिळतो. जस्त पोटात साठून विषबाधा होते: पक्षी मलूल होतो, ओकतो, विष्ठा पातळ आणि रंग बदललेली होते, पुढे झटके येतात. पुष्कळदा घरच्यांना वाटतं की हवा लागली. पिंजरा नवीन आल्यावर काही दिवसांत पक्षी असा सुस्त झाला तर पशुवैद्याला आवर्जून सांगा की जाळी नवी आहे. एक्स-रेमध्ये पोटातला धातूचा कण कधी कधी दिसतो आणि वेळेत कळलं तर उपचार आहेत. बिदर भागातल्या वाचकांना राज्याचं पशुवैद्यकीय विद्यापीठ गावातच आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

परवडत असेल तर ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, विशेषतः ग्रेसाठी, कारण ज्याचं आयुष्य चाळीस वर्षं त्याचा पिंजरा दर पावसाळ्यात गंजून चालणार नाही. ते जमत नसेल तर साध्या लोखंडी सळीवर चांगलं पावडर कोटिंग, छोट्या पक्ष्यांना हे पुरतं. ब्रशने मारलेला ऑइल पेंट नको, त्याचे पापुद्रे निघतात आणि जुन्या रंगात शिसंही असू शकतं. जीआयशिवाय इलाजच नसेल तर पांढऱ्या व्हिनेगरने तारेचा ब्रश मारून जाळी इंच इंच घासा, धुवा, काही दिवस उन्हापावसात राहू द्या, पुन्हा घासा. धोका कमी होतो, संपत नाही.

माळ्यावर आजीचा पितळी गोल पिंजरा असेल तर तो जपून ठेवा, पण त्यात पक्षी ठेवू नका. पितळेत तांबं आणि जस्तच असतं. शिवाय गोल पिंजऱ्याच्या सळ्या वर जाऊन एकमेकींजवळ येतात, त्या निमुळत्या फटीत पायाची बोटं अडकतात. आणि त्याला कोपराच नसतो. घाबरलेल्या पक्ष्याला पाठ टेकायला कोपरा लागतो.

दांड्यांबद्दल थोडक्यात. पिंजऱ्याबरोबर मिळणाऱ्या गुळगुळीत, एकसारख्या जाडीच्या दांड्या काढून टाका. त्यांच्यावर दिवसरात्र बसून तळपायाच्या त्याच जागी दाब येतो आणि फोड होतात. पेरूची फांदी सगळ्यात चांगली, घट्ट असते, वेडीवाकडी असते, साल चावायला मिळते. आंबा, कडुनिंब, शेवगाही चालतात. फवारणी न झालेल्या झाडाची फांदी घ्या, खरवडून धुवा, कडक उन्हात वाळवा. कण्हेर आणि रुई चुकूनही नको, दोन्ही विषारी.

आता घराचं माप. हे लोक विसरतात आणि मग पिंजरा दारातच अडतो. शहापूर, वडगाव, गणपत गल्ली अशा जुन्या भागांत घरांचे दरवाजे अरुंद, जिने त्याहून अरुंद. दाराची चौकट आतून मोजा. ३० इंचांच्या दारातून २४ इंच रुंदीचा पिंजरा तिरका न करता आत जातो. त्याहून मोठा हवा असेल तर नटबोल्टने सुटा होणारा बनवून घ्या. दर मोठ्या साफसफाईला तो उघडता येतो हा वेगळाच फायदा.

आत आणायचाच आहे, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो गॅलरीत ठेवता येत नाही. बेळगाव-खानापूरचा पाऊस तिरका येतो, हवेत ओल इतकी की दाणे दोन दिवसांत बुरशी धरतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा वारा बोचरा असतो. अथणी-रायबागकडे उलट, तिथे एप्रिल-मेचं ऊन पक्ष्याला मारतं. म्हणून जागा अशी शोधा: घरातली, उजेडाची, एक लांब बाजू भिंतीकडे पण चार बोटं अंतर ठेवून, खिडकीच्या थेट झोतात नाही. स्वयंपाकघर नको. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं की निघणारा वायू माणसाला जाणवत नाही, पण पोपट काही मिनिटांत मरतो. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल हेही दुसऱ्या खोलीत.

जागेचा संबंध आवाजाशीही आहे. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणपती विसर्जन, दिवाळी, या रात्री डॉल्बी आणि फटाक्यांनी कॉकाटील अंधारात एकदम दचकतो आणि पिंजरभर आदळत सुटतो. ही त्याची जातीचीच सवय आहे. अरुंद पिंजऱ्यात अशा वेळी वाढीला लागलेली, रक्त भरलेली पिसं मोडतात आणि रक्त थांबत नाही. अशा रात्री पिंजरा आतल्या खोलीत न्या, एक बारीक दिवा चालू ठेवा, मधल्या जागेतलं सगळं काढा.

वरची सगळी मापं एक गोष्ट गृहीत धरून आहेत. कॉकाटीलपासून पुढच्या पक्ष्यांना रोज निदान दोन-तीन तास पिंजऱ्याबाहेर खोलीत उडायला मिळतं. ते शक्य नसेल तर लांबी दीडपट धरा. बाहेर सोडण्याआधी छताचा पंखा बंद करा आणि रेग्युलेटरवर कागद चिकटवा, म्हणजे आत येणारं माणूस सवयीने बटण दाबणार नाही. आपल्या घरांत पाळीव पोपटांना पंख्याइतका दुसरा धोका नाही. मग खिडक्या, मग आरशावर चादर.

म्हणून माझा आग्रह असा की क्रम उलटा करा. आधी पक्षी आवडला, मग पिंजरा शोधला, मग जागा केली, असं करू नका. हॉलमध्ये जिथे पिंजरा ठेवणार तिथे फरशीवर चिकटपट्टीने ४० बाय २४ इंचांची चौकट आखा आणि आठवडाभर तशीच राहू द्या. त्यातून वाट काढताना घरच्यांची चिडचिड झाली तर कॉकाटील तुमच्या घरात मावत नाही. बजरीगरची चौकट आखून बघा. तीही मावत नसेल तर खिडकीबाहेर पाण्याची पसरट थाळी ठेवा. मैना, चिमण्या, आणि तुमचं नशीब असेल तर राघूही येतील.

मावत असेल तर फॅब्रिकेटरला तोंडी काही सांगू नका, कागदावर लिहून द्या. कॉकाटीलच्या जोडीसाठी मी लिहिते ते असं: लांबी ४०, रुंदी २४, उंची ३० इंच, सगळं आतून. सळी अडीच मिलिमीटर. गॅप चार सूत, आतून आत. लांब बाजूंच्या सळ्या आडव्या. छप्पर सपाट. पुढचं दार एवढं मोठं की दोन्ही हात आत जातील, कडी बाहेरून फिरवायची, कारण वर सरकणारं दार कॉकाटील चोचीने उचलायला शिकतो. वाट्यांसाठी वेगळी छोटी दारं. खाली जाळी आणि त्याखाली ओढता येणारा ट्रे. वेल्डिंगचे सगळे थेंब ग्राइंडरने साफ, मगच पावडर कोटिंग. घ्यायला गेल्यावर आतून प्रत्येक सांध्यावर बोट फिरवा. जिथे टोचेल तिथे खडूची खूण करा आणि तिथेच परत घासून घ्या.

नवा पिंजरा आला की धुवून, दोन दिवस वारा लागू देऊन मग जुन्याशेजारी ठेवा. पक्षी एकदम त्यात कोंबू नका. ओळखीची एक दांडी आणि रोजची वाटी नव्यात लावा, दोन्हींची दारं समोरासमोर उघडी ठेवा आणि त्याला स्वतःहून जाऊ द्या. कुणी तासाभरात जातो, कुणी चार दिवस घेतो. जुना पिंजरा विकू नका. त्यात खाली फडकं घालून, वरून सुती कापड टाकून डॉक्टरकडे न्यायला तोच उपयोगी पडतो. रिक्षात किंवा बसमध्ये मांडीवर धरायला छोटाच पिंजरा बरा, हेलकावे कमी बसतात.